पलीकडचं आधी

माझ्या ओळखीत आंतरराष्ट्रीय वाटाघाटी अगदी जवळून पाहिलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो तिथे चहा देत असे.

रत्नागिरीत त्यांना सगळे 'बटलर' म्हणत. म्हणजे पाठीमागे. समोर आले की 'काय काका, बरं आहे ना?' गावाचा हा दुटप्पीपणा त्यांना माहीत होता, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. "बटलरच होतो मी. शिवी कसली त्यात?" असं म्हणायचे. राग यायचा तो त्यांच्याकडे जाणाऱ्या आम्हा पोरांना. एकोणिसाव्या वर्षी ते बोटीवर लागले. काही वर्षं खलाशांना आणि कप्तानांना जेवण वाढलं, आणि मग परदेशातल्या आपल्या एका वकिलातीत त्यांना नोकरी मिळाली. तिथल्या लांबलचक टेबलाभोवती देशोदेशीची माणसं बसायची, करार व्हायचे, मोडायचे, आणि काका एका बाजूने कप ठेवायचे, दुसऱ्या बाजूने उचलायचे. तीस वर्षं हे केल्यावर निवृत्त होऊन आले आणि मांडवीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहू लागले. लग्न केलेलं नव्हतं. एकदा आमच्यातल्या एकीने कारण विचारलं तर म्हणाले, "सुट्टी मंजूर झाली नाय."

दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या पडवीत जगाची सभा भरे. आम्ही दहा-अकरा जण होतो, बहुतेक कॉलेजातले, दोघे-तिघे शाळेतले. काका लुंगीवर वकिलातीतला पांढरा कोट चढवायचे, सगळी बटणं लावून. मे महिन्यातसुद्धा. कपाळावरून घाम वाहायचा, पण कॉलरचं बटण उघडायचे नाहीत. प्रत्येकाला एक देश दिलेला असे, आणि तो वर्षभर बदलत नसे. देश देण्याची त्यांची रीत उफराटी होती. मिरकरवाड्याची एक मुलगी होती, तिच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. तिला त्यांनी बोलिव्हिया दिला. "तुझ्या बापाशीला अख्खा समुद्र हाय. तू जरा समुद्र नसलेल्या देशाचं दुखणं बघ." मी संगमेश्वराच्याही आत, डोंगरातल्या वाडीतली, कॉलेजसाठी रत्नागिरीत मावशीकडे राहायचे. आमच्या वाडीत ताजा मासा पाहुण्यासारखा कधीतरी यायचा. मला त्यांनी आइसलँड दिला. "चारी बाजूंनी पाणी आणि पानात मासे. आता कर अभ्यास."

एकदा देश दिला की आमची नावं संपली. भर बाजारात, मासळी घेऊन बसलेल्या बायकांच्या गर्दीत ते ओरडायचे, "काय गो बोलिव्हिया, बांगडा कसा दिलास?" आणि ती आईच्या पाटीमागून तितक्याच गंभीरपणे सांगायची, "एक्सलन्सी, तुमच्यासाठी करार वेगळा हाय." आसपासच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. एकीने तर विचारलं होतं, "ह्या पोरीचं बारसं पुन्हा केलंत की काय?"

सभेत चहा काकाच द्यायचे, पण सगळ्यांत लहान मुलाला आधी आणि स्वतःला शेवटी. आम्ही उठून मदत करायला गेलो तर चिडायचे. "बस खाली! माझ्या सभेत प्रतिनिधी कप उचलत नाय."

या चिडण्यामागची गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, तीही रेडिओवरच्या बातम्या सांगाव्यात अशा आवाजात. वकिलातीत बोटींवरच्या खलाशांबद्दल कसलीशी बोलणी चालली होती. एका खोलीत किती माणसं झोपतात यावर वाद पडला. एक जण म्हणाला दोन, दुसरा म्हणाला चार. कुणीतरी कागद शोधू लागलं. काका तेव्हा तिशीतले होते, हातात ट्रे होता, आणि त्या टेबलाजवळ बोटीवर झोपलेला माणूस तेवढा एकच होता. ते म्हणाले, "सर, आठ."

"मंग?" बोलिव्हियाने विचारलं.

"मंग काय? सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. जसं काय टेबलच बोललं. आमच्या साहेबानं कप पुढे केलान आणि म्हणाला, साखर कमी आहे."

"आणि कागदावर किती लिहिलं?"

"चार," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवसापासून मला सहा महिने मुदपाकखान्यात टाकलान. वर यायला बंदी."

त्या टेबलाभोवती तीस वर्षांत चाळिशीच्या आतला प्रतिनिधी आपण पाहिला नाही, हे ते वारंवार सांगायचे. तिथे तरुण असत ते टंकलेखक, ड्रायव्हर, पहारेकरी आणि चहावाले. "ठरवणारा मरून जातो गो. ठरवलेलं भोगायला मागे उरतो तो चहावाला. मंग त्याला विचारायला नको?" आमची सभा त्यांनी या एका प्रश्नासाठी चालवली होती. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, संस्था नव्हती, शिक्का नव्हता. एक पडवी होती आणि एक नियम होता.

नियम असा. सभेत उभं राहिलं की आपलं म्हणणं मांडायचं नाही. आधी समोरच्याचं मांडायचं. तेही असं, की ऐकून त्याने स्वतः म्हटलं पाहिजे, "होय, हेच माझं म्हणणं." तो तसं म्हणेपर्यंत आपली पाळी सुरू होत नाही. त्याने मान हलवली नाही तर पुन्हा सांगायचं. काका याला 'पलीकडचं आधी' म्हणायचे. सुरुवातीला मला हा निव्वळ छळ वाटला. एकदा तर पलीकडचं सांगता सांगताच माझी सकाळ संपली, आणि आइसलँड एक अक्षर न बोलता घरी गेला. पण हळूहळू लक्षात आलं की समोरच्याचं खरोखर सांगता आलं की आपल्या बोलण्यातला निम्मा पाला गळून पडतो आणि जे उरतं ते टणक असतं. वाडीतून आलेल्या, चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला त्या पडवीने बोलायला शिकवलं. माझ्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. ती पदवी कॉलेजने दिली, पण तिचा उपयोग कसा करायचा ते या कोटवाल्या माणसाने शिकवलं. ते ऋण मी मान्य करते, आणि तरीही पुढचं सगळं मला रागानेच आठवतं.

ते वर्ष जगभर तरुणांचं वर्ष म्हणून जाहीर झालं होतं. परदेशात तरुणांची एक मोठी परिषद भरणार होती आणि आमच्या जिल्ह्यातून एक जण निवडला जाणार होता. मुलाखतीसाठी विषय दिला होता समुद्राचा. आपल्या किनाऱ्यासमोर तेव्हा मासे उपसून नेणारे मोठे परदेशी ट्रॉलर यायचे. रत्नागिरीच्या माणसाला त्याबद्दल सांगावं लागत नसे. तरीही मी बोलिव्हियाबरोबर दोन महिने सकाळी सकाळी जेटीवर गेले. तिच्या वडिलांनी मला त्यांची जाळी दाखवली. ट्रॉलर वरून गेल्यावर जाळ्याचं काय होतं ते मी हातात धरून पाहिलं. तिथे जाळं उरलंच नव्हतं, नुसत्या दोऱ्यांच्या झिपऱ्या उरल्या होत्या. ते बोलले तसेच शब्द मी वहीत लिहून घेतले. निघताना ते म्हणाले, "ह्या वहीतलं तिकडे वाचशील ना गो? नक्की?" मी म्हटलं, नक्की.

मुलाखत पाच जणांसमोर होती. अध्यक्ष म्हणजे शिक्षणसंस्था, पतपेढी, नाट्यगृह, जिथे खुर्ची असेल तिथे बसलेले गृहस्थ. त्यांनी प्रश्न टाकला, "समजा, ट्रॉलरवाल्या देशाचा प्रतिनिधी तुमच्या समोर बसलाय. बोला."

मी उभी राहिले आणि सवयीने पलीकडचं आधी सुरू केलं. म्हटलं, त्या देशाचं म्हणणं असं की त्यांचा समुद्र उपसून संपलेला आहे. त्यांच्या बोटींवर काम करणारी माणसंही मासेमारांच्या गावातलीच, गरीब आहेत. आणि ते चोरून येत नाहीत, त्यांच्याजवळ परवाने आहेत, आणि ते परवाने आपल्याच लोकांनी दिलेले आहेत. हे मी चांगलं मांडलं. मला आजही वाटतं की मी ते फार चांगलं मांडलं. आणि मग मी थांबले.

मी थांबले, कारण आता समोरच्याने "होय, हेच माझं म्हणणं" म्हणायचं होतं. वही माझ्या हातात होती, जाळ्याचं पान उघडलेलं होतं. मी अध्यक्षांकडे पाहत उभी राहिले. अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिले. पंख्याचा आवाज येत होता. कुणीच मान हलवली नाही. मला वाटलं, पटेल असं सांगितलं नाही वाटतं, म्हणून मी पुन्हा एकदा, आणखी नीट, ट्रॉलरवाल्यांची बाजू मांडली. आणि पुन्हा थांबले.

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही नक्की कुठल्या देशातर्फे जाणार आहात?"

बाकीचे चौघे हसले. मी म्हटलं, "सर, माझी पाळी अजून आली नाही."

"आली आणि गेली. या तुम्ही."

मी बाहेर आले. एवढंच. दोन महिन्यांची वही बंद करायला एक क्षण लागला.

निवड झाली ती अध्यक्षांच्या पुतण्याची. तो एका युवक संघटनेचा पदाधिकारी होता, त्यामुळे कागदोपत्री तरुण. वय पस्तिशीच्या घरात. टक्कल पडायला लागलेलं. दोन मुलांचा बाप. बोलिव्हिया म्हणाली, "ह्याच्यापेक्षा ह्याचा थोरला झिलगा पाठवायचा, तो तरी तिसरीत हाय."

काकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कॉलरचं बटण उघडलं. ते मी पहिल्यांदा पाहत होते.

पुतण्याचा सत्कार नाट्यगृहात झाला. बॅनरवर 'युवाशक्तीचा गौरव' लिहिलेलं, आणि मंचावर एकूण नऊ माणसं, त्यांतली सात पांढऱ्या केसांची. तरुण होते ते सगळे खाली, रांगेत, हातात हार घेऊन. आम्हा कॉलेजच्या मुलींना औक्षणाला बोलावलं होतं. मला! ज्या मुलीला दार दाखवलं तिच्याच हातात निरांजन द्यायला यांना काही वाटलं नाही. मी तबक खाली ठेवलं आणि मागे जाऊन उभी राहिले.

भाषणं संपता संपता काका उठले. पांढरा कोट, कडक इस्त्री. मंचाच्या पायऱ्या चढून ध्वनिक्षेपकासमोर गेले. लोकांना वाटलं, चहाची घोषणा असेल.

"मी निवड समितीचं म्हणणं सांगतो," ते शांतपणे म्हणाले. "समितीचं म्हणणं असं की परदेश म्हणजे मोठी जबाबदारी. खेड्यातली मुलगी, घरात कोण शिकलेलं नाय, एकटी पाठवायची, काही बरंवाईट झालं तर बोल समितीला. तिचं इंग्रजी पुस्तकी. तिच्या तोंडून काय निघेल ह्याचा भरवसा नाय. आणि बाहेरच्या देशात आपल्या घरातल्या चुका सांगू नयेत. त्यापेक्षा घरचा, माहितीतला, सांगितलेलं बोलणारा माणूस बरा. ह्यात समितीने वाईट विचार केलेला नाय. समितीने काळजीच केली. बरोबर सांगितलं ना मी?"

अध्यक्ष खूश झाले. सगळ्या सभागृहासमोर आपलं इतकं नेटकं समर्थन त्यांनी स्वतःही केलं नसतं. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "अगदी बरोबर. हेच आमचं म्हणणं."

"आता माझी पाळी," काका म्हणाले.

अध्यक्ष काय समजायचं ते समजले. त्यांनी सूत्रसंचालकाला बोटाने खूण केली. सूत्रसंचालकाने काकांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं आणि ध्वनिक्षेपक आपल्याकडे वळवून घोषणा केली, "आपण सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहायचं आहे."

पेटी सुरू झाली. सगळे उभे राहिले. काकाही ताठ झाले, हात बाजूला, नजर समोर. तीस वर्षं याच देशाच्या झेंड्याखाली चाकरी केलेला माणूस दुसरं काय करणार? राष्ट्रगीत चालू असताना हा माणूस बोलणार नाही, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं. एका म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला त्यांनी राष्ट्रगीत वापरलं. मीही सरळ उभी होते. संपल्याबरोबर खुर्च्या वाजल्या, मंचावरचे दिवे मालवले, लोक बटाटेवड्याकडे वळले. काका मंचावर तसेच उभे होते. त्यांची पाळी आली नाही ती नाहीच.

आजकाल मला अशा कार्यक्रमांना पाहुणी म्हणून बोलावतात. जागतिक निर्णयांत तरुणांचा सहभाग, असा काहीतरी विषय असतो. मंचावर आम्ही सगळी साठीची माणसं बसतो आणि तरुण मुलं आम्हाला रोपटी देतात. मी दर वेळी तिथे म्हणते की माझ्या खुर्चीवर या मुलाला बसवा. लोक टाळ्या वाजवतात. खुर्ची कुणी हलवत नाही.

सत्कारानंतरच्या रविवारी सभा चालू असताना पडवीसमोर स्कूटर थांबली. पुतण्या आला होता. हातात फाईल. मंचावर होता त्यापेक्षा लहान दिसत होता.

"काका, जरा काम होतं," तो म्हणाला. "मला तिथे बोलायचंय. आमच्या चुलत्यांनी, अप्पांनी, भाषण लिहून दिलंय, पण त्यात पहिलं पान अप्पांच्या कार्याचंच आहे. तिथे समुद्रावर चर्चा आहे. मला त्यातलं खरंच काही कळत नाही. मुलाखतीत ताईंच्या हातात वही होती म्हणे, ती मिळाली तर..."

मी उठून उभी राहिले. काकांनी हाताने मला बसवलं.

"बसा," ते पुतण्याला म्हणाले. "इथे एक नियम हाय. वही तिची. तिचं म्हणणं काय ते तिला पटेल असं सांगा. ती होय म्हणाली की घेऊन जा."

मला वाटलं, उठून जाईल. पण तो बसला. पहिल्यांदा सांगितलं ते सगळं चुकीचं होतं, परदेशी वाईट आणि आपण चांगले. बोलिव्हियाने त्याला जाळ्याचं सांगितलं. दुसऱ्या वेळी जरा बरं जमलं. मुलं मध्ये मध्ये दुरुस्त करत होती, तो फाईलच्या पाठीमागे लिहून घेत होता. तिसऱ्या वेळी तो सावकाश बोलला. ट्रॉलरवाल्यांची गरज सांगितली, परवान्यांचं सांगितलं, मग होड्यांचं, झिपऱ्या झालेल्या जाळ्यांचं. आणि म्हणाला, "ज्यांची जाळी जातात त्यांना परवाना देताना कुणी विचारत नाही. ताईंचं म्हणणं, त्यांना विचारा." मग थांबला. माझ्याकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले.

बरोबर होतं. अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

मी काही बोलले नाही. तो वाट पाहत होता, आणि मला ते बरं वाटत होतं. पाहू दे. त्याने पुन्हा सुरुवात केली, अडखळला, घड्याळाकडे पाहिलं. शेवटी उठला. "काही हरकत नाही," म्हणाला आणि स्कूटर चालू करून निघून गेला. परत आल्यावर त्याने शाळांशाळांतून विमानाची आणि बर्फाची छायाचित्रं दाखवली. तिथे तो काय बोलला, तर तरुणांनी शिस्त पाळावी.

पण ते पुढचं. त्या सकाळी स्कूटरचा आवाज गेल्यावर काकांनी मला विचारलं, "बरोबर सांगितलान ना गो त्याने?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग कमिटीने तरी वेगळं काय केलान?"

माझा तोल गेला. ज्या माणसाला मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं त्याच्यावर मी ओरडले. "तुमच्या नियमानेच माझं गेलं! तिथे मी बावळटासारखी होकाराची वाट बघत राहिले. समोरचा होय म्हणणारच नसेल तर किती वेळ थांबायचं, ते का नाही शिकवलंत?"

"मला ठाऊक नाय," काका म्हणाले. "मी तीस वर्षं थांबलो."

मी वही उचलली आणि निघाले. बोलिव्हिया माझ्या मागोमाग उतार उतरू लागली. मला वाटलं, समजूत घालायला येते आहे. मांडवीचा रस्ता आला. तिथे ती थांबली.

"तुझं विमान चुकलं गो, मला कळतं," ती म्हणाली. "पण जाळी माझ्या बापाशीची होती."

आणि ती मिरकरवाड्याच्या वाटेला लागली.